उभा मुकादम

जोमा म्हात्रेला बसलेला पाहिला आहे, असं शपथेवर सांगणारा माणूस त्या काळच्या नेरूळ गावात मिळाला नसता. तो उभ्याने जेवायचा. उभ्याने चहा प्यायचा, उभ्याने विडी ओढायचा. गावकीच्या बैठकीत सगळी मंडळी घोंगडीवर मांडी घालून बसली की हा खांबाशेजारी दुसरा खांब होऊन उभा राहायचा. रात्री तो आडवा होतो, असं त्याच्या आईने मला सांगितलं म्हणून मी ते मान्य केलं. पण उभं आणि आडवं यांच्या मधली जी अवस्था बाकीच्या जगाला ठाऊक असते, ती त्याने सोडून दिली होती.

आज नेरूळ म्हटलं की लोकांना स्टेशन, कॉलेजं आणि सोसायट्या आठवतात. मी तिथल्या शाळेत मास्तरीण म्हणून गेले तेव्हा यातलं काही नव्हतं, आणि त्या भागाला नवी मुंबई म्हणावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. भातखाचरं होती, खाडी होती आणि खाडीलगत मिठागरं होती. जोमा त्यातल्या एका मिठागराचा मुकादम. त्याच्या घराची पडवी आडोसा घालून मला भाड्याने मिळाली होती. पहिल्या दिवशी माझी ट्रंक त्यानेच डोक्यावरून आणली. मी वाईची, पाहुणचारात वाढलेली. माझ्याकडे जी एकुलती एक खुर्ची होती ती पुढे सरकवली आणि म्हटलं, बसा ना. त्याने खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "नको बाई. मीठ उभ्या मानसाचा."

हे त्याचं ठेवणीतलं वाक्य होतं. लग्नात पंगतीला बोलावलं तरी हेच, न्हाव्याने पाटावर बसायला सांगितलं तरी हेच. न्हावी बिचारा स्टुलावर चढून त्याची हजामत करायचा. जोमा ताडमाड उंच होता, त्यामुळे हे काम बघायला पोरं जमायची.

तो का बसत नाही, याबद्दल गावात अनेक मतं होती. कुणी म्हणे गळवाचा त्रास आहे, कुणी म्हणे देवीला नवस बोललाय. एकाचं म्हणणं असं की मुकादमी मिळाल्यापासून शिष्टपणा अंगात शिरला. हे शेवटचं मला पटत नव्हतं. कारण त्याच्या मिठागरात इतर कुणी बसलं तर हा एका शब्दाने बोलायचा नाही. शेजारच्या मिठागरांत बायकांनी टोपली खाली ठेवली की मुकादम ओरडत यायचा. इथे दुपारी बायका बांधावर टेकल्या की जोमा आपली काळी छत्री घेऊन त्यांच्यावर सावली धरायचा. मालकाने दोनदा त्याला यावरून झापलं. त्याने उभ्याने ऐकून घेतलं.

फक्त एक बाई बसायची नाही. ती त्याची बायको, चांगुणा. तीही त्याच मिठागरात टोपल्या वाहायची. सगळ्या जणी बसल्या की ही छत्रीच्या दुसऱ्या कडेला उभी. दोघं एकमेकांशी बोलायची नाहीत. मुकादमाने कामावर बायकोशी बोलणं म्हणजे बाकीच्यांना विषय. घरी आल्यावर ती चुलीपुढे, तो दारात. घरात तिसरी त्याची आई. तिचं बोलणंच इतकं असायचं की दुसऱ्या कुणी बोलायची गरज पडत नसे.

तर असा हा माणूस एका संध्याकाळी माझ्या दारात आला, चौकट धरून उभा राहिला आणि शाळेत हिंदुस्तानचा नकाशा आहे का, असं विचारू लागला.

झालं असं होतं की मीठ खात्याचे एक साहेब मिठागर तपासायला आले होते. ते थेट दक्षिणेकडचे, रामेश्वरच्या बेटावरचे. हिंदी त्यांची बेताची आणि जोमाची त्याहून बेताची, पण दोघांचा विषय मीठ असल्यामुळे जमलं. काम संपल्यावर साहेबांनी घरची आठवण काढली. आमच्याकडे पांढरी वाळू आहे, समुद्र हौदासारखा शांत आहे, आणि सुट्टीत गेलो की मी संध्याकाळी बायकोला घेऊन वाळूत जाऊन बसतो, असं काहीसं ते म्हणाले. मग काय करता, असं जोमाने विचारलं. साहेब म्हणाले, काही नाही.

हे 'काही नाही' जोमाच्या डोक्यात शिरून बसलं. म्हणजे त्याच्यातलं बसलेलं तेवढंच.

"त्यो बायकोसंगती वालूत बसतो, बाई," तो मला सांगत होता. "काय करत नाय. नुसता बसतो. निवांत." निवांत हा शब्द त्याने असा उच्चारला की जणू नवीन निघालेल्या यंत्राचं नाव सांगतोय.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला. मी छडी नकाशाच्या खालच्या टोकावर ठेवली. त्याने बराच वेळ तो ठिपका पाहिला. एवढ्याशा जागेत साहेबाचं घर, देऊळ आणि वर बसायला वाळू कशी मावत असेल, ही त्याला शंका. मी म्हटलं, नेरूळ तर यावर दिसतसुद्धा नाही, तरी आपण मावतोच की. हे त्याला एकदम पटलं. त्या दिवसापासून त्याची तयारी सुरू झाली.

एखाद्या माणसाने आरामाची इतकी कष्टाने आखणी केलेली मी तोवर पाहिली नव्हती. जायचं श्रावणात. लावणी आटोपलेली, मिठागरात पावसाचं पाणी भरलेलं, आणि साहेबांच्या सांगण्याप्रमाणे आपला पाऊस तिकडे नसतो. आपल्याकडे सगळं चिंब असताना तिकडे कोरडी वाळू मिळते, हे त्याला विलक्षण वाटे. रोज संध्याकाळी तो दारात येऊन मला एक नवा मुद्दा सांगायचा. तिकडे स्वयंपाक करायचा नाही, विकत घेऊन खायचं. देवळात जायचं झालं तर एकदा, उभ्या उभ्या. चटई न्यायची नाही, कारण चटई नेली की झटकावी लागते, आणि झटकणं हे काम झालं. आई या बाजूला बसेल, चांगुणा त्या बाजूला, तोंडं समुद्राकडे.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी हाय की," तो म्हणाला. "बाजूला. छत्री धरून."

आत चुलीपुढून चांगुणाचा आवाज आला. ती सहसा बाहेरच्या बोलण्यात पडत नसे. "त्यो बसंल तं मी बसन."

 म्हशीला पाणी दाखवायचं राहिलंय, असं काहीतरी पुटपुटत जोमा निघून गेला. त्यांच्याकडे म्हैस नव्हती.

पण त्याने हार मानली नाही. बायकोला बसण्याची सवयच नाही, एकदा सवय लागली की ती आपोआप बसेल, असा त्याने निष्कर्ष काढला. आणि मग त्याने बसण्याची रंगीत तालीम ठरवली. पावसाळ्याच्या तोंडाशी, एका रविवारी, भर दुपारी, खाडीच्या बांधावर. चांगुणाला त्याने काय सांगून तिथपर्यंत नेलं मला माहीत नाही. मी पाहिलं तेव्हा ती बांधावर बसली होती, हात मांडीवर, नजर खाडीकडे, चेहरा फोटो काढायला बसवल्यासारखा. चार पावलं मागे जोमा छत्री धरून उभा. आई आलीच नव्हती. तिला असल्या गोष्टींत रस नव्हता.

आता आमच्या गावात भर दुपारी, हातात काम नसताना, धडधाकट बाई उघड्यावर बसली आहे, याचा अर्थ एकच होऊ शकत होता. पहिल्यांदा एका कोळणीने पाहिलं आणि ती पाटी टाकून धावत आली. पाठोपाठ आणखी बायका. चांगुणाला काय होतंय, ती का बोलत नाही, कुणी तिचे तळपाय चोळू लागलं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. धोंडूआजी म्हणून एक म्हातारी होती, तिने आपली चप्पल काढून हुंगायला दिली. चांगुणा म्हणत होती, मला काही झालेलं नाही, मी नुसती बसलेय. यावर तर सगळ्यांची खात्रीच पटली. एकीने भगताला बोलवायला मुलगा पिटाळला.

भगत येईपर्यंत जोमाला खरं सांगावं लागलं. आम्ही रामेश्वरला जाणार आहोत, तिथे बसायचं आहे, म्हणून आधी इथे बसून बघतोय. बायकांनी या वाक्यातला एकच शब्द ऐकला. रामेश्वर. त्यांनी चांगुणाचे पाय चोळायचं सोडलं आणि तिच्या पाया पडल्या.

तिथून पुढे ती सहल जोमाची राहिली नाही. गावातून रामेश्वरला कुणी गेल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. पाटलांनी गावकी बोलावली. यात्रेकरूंना वाजतगाजत वेशीपर्यंत पोचवायचं, परतल्यावर गावदेवीच्या देवळात थांबवायचं, गावाने सामोरं जाऊन त्यांना घरी आणायचं, मग मावंद्याची गावपंगत, असा सगळा बेत ठरला. जोमा खांबाशेजारी उभा होता. तो म्हणाला, "मी बसाला चाललोय, देवाला नाय."

 इतक्या लांब, इतका खर्च करून, देव तिथे असताना, देवाला न जाता माणूस नुसता बसायला जातो, हे कुणाच्या गळी उतरेना. पाटील समजूतदार होते. ते म्हणाले, बसायचंच असेल तर जोमा, इथे बस, घोंगडी मोकळीच आहे. सगळे हसले. जोमा हसला नाही.

त्याने कदाचित अजून वाद घातला असता, पण घरी आईने त्याला गाठलं. तिला इतके दिवस हे सगळं मिठाच्या खात्याचं काहीतरी काम वाटत होतं. रामेश्वर म्हणजे ते रामेश्वर, हे तिला बायकांकडून कळलं होतं. ती ओट्यावर बसून रडत होती. "आनि मना वालूत बसवून ठेवनार व्हतास?" ती म्हणाली. "देवाकरं पाठ करून?"

मग जोमाने मान खाली घातली. आईपाठोपाठ धोंडूआजी आली, मलाही ने म्हणून. धोंडूआजीपाठोपाठ तिच्या दोन मैत्रिणी. नाही म्हणायची सोय नव्हती, यात्रेला निघालेल्याने म्हातारीला नाही म्हणायचं नसतं. ज्यांना जाता येणार नव्हतं त्यांनी समुद्रात टाकायला पैसा-सुपारी आणून दिली. कुणी तांब्याभर तीर्थ मागितलं, आणि प्रत्येकाने चिमूटभर वाळू मागितली. रामेश्वरची वाळू काशीला न्यायची असते, आणि काशीला जाणं झालं नाही तरी ती देव्हाऱ्यात ठेवायची असते. जोमाच्या घरात पडवीपर्यंत पुरचुंड्या साठल्या. माझ्या खुर्चीवरही एक टोपली येऊन बसली.

"निवांत," मी त्याला एकदा चिडवलं. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला, आणि मला वाईट वाटलं. हा नाद आहे असं मी समजत होते. त्या नजरेत नाद नव्हता, त्याचं काहीतरी मोठं हातातून निसटत होतं.

निघायच्या आदल्या दुपारी चांगुणा माझ्या पडवीत पुरचुंड्या बांधत होती. मी तिला मदत करता करता विचारलं, हा बाबा इतका बसायच्या मागे का लागलाय, आणि स्वतः का बसत नाही. मला वाटलं, ती टाळेल. तिने टाळलं नाही. गाठी मारता मारता, भाजी काय केली हे सांगावं तशा आवाजात तिने सांगितलं.

जोमाला मुकादमी मिळाली ते पहिलंच वर्ष. कालपर्यंत बरोबरीने टोपल्या वाहणारा माणूस आज छत्री घेऊन बांधावर उभा, आणि सगळ्यांचे डोळे त्याच्यावर, हा बायकोला सवलत देतो का बघायला. तिला तेव्हा दिवस गेलेले होते, सातवा महिना. उन्हं डोक्यावर होती. भरलेली टोपली घेऊन ती त्याच्या शेजारून जाताना थांबली आणि म्हणाली, जरा बसू का?

"ह्यो इकरं तिकरं बघला," चांगुणा म्हणाली. "मंग बोलला, सगल्यांसमोर नको."

ती बसली नाही. टोपली पोचवून आली, पुढची घेतली. दोन दिवसांनी मूल गेलं. मुलगा होता. त्यानंतर पुन्हा राहिलं नाही.

"मना काय बोलला नाय. रडला नाय. फकस्त बसाचा सोरला." तिने एक गाठ दातांनी ओढून घट्ट केली. "मी त्याला कवाच माफ केला, बाई. पन सांगू कवा? मानूस जरा बसंल तं बोलाचा ना."

  आम्ही दोघींनी मिळून उरलेल्या सुपाऱ्या बांधल्या.

दुसऱ्या दिवशी गावाने त्यांना निरोप दिला. यात्रेकरूंना पाटावर बसवून पाय धुवायचे असतात. जोमा पाटावर उभा राहिला. बायकांनी तसेच धुतले. ठाण्याला जाणाऱ्या एसटीत म्हाताऱ्या बसल्या, चांगुणा त्यांच्या पुरचुंड्या सांभाळत उभी, आणि जोमा दाराशी.

पुढचं मला त्या म्हाताऱ्यांकडून कळलं, तेही प्रत्येकीकडून वेगवेगळं. एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत होतं, की जोमा मद्रासपर्यंत आणि तिथून पुढे समुद्रावरच्या पुलापर्यंत गाडीत उभा होता. पुलावर गाडी हळू झाली, खाली दोन्हीकडे पाणी, म्हाताऱ्यांनी डोळे मिटून रामनाम सुरू केलं, आणि जोमा दारातून वाकून खाली बघत होता. त्याने चांगुणाला हाक मारली म्हणे, बघायला. पण धोंडूआजीने तिचा हात गच्च धरून ठेवला होता.

बेटावर वाळू होती, साहेबांनी सांगितल्याइतकीच पांढरी. समुद्रही तसाच, लाट म्हणून नाही. पण देवळात बावीस कुंडं आहेत आणि प्रत्येक कुंडाच्या पाण्याने अंघोळ करावी लागते. तिथले पुजारी निघाले मूळचे आपल्याकडचे. त्यांनी जुन्या वळणाच्या मराठीत गाव, कूळ, सगळं विचारून घेतलं. जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी जोमाला जायचं होतं, आणि तिथे पोचल्यावर तासाभरात त्याच्या आजोबांचं नावसुद्धा सगळ्यांना माहीत झालं. म्हाताऱ्यांना एका अंघोळीने समाधान होईना. त्या रोज कुंडं करायच्या. रोज चार म्हाताऱ्यांची चार ओली नऊवारी लुगडी, आणि ती वाळवायला जागा कुठली, तर समुद्रकाठ.

त्यामुळे साहेब जिथे बायकोला घेऊन बसत, त्या वाळूत रोज संध्याकाळी जोमा आणि चांगुणा ओल्या लुगड्याची दोन टोकं धरून वाऱ्यात उभी असायची. एक वाळलं की दुसरं. मधे नऊ वार अंतर. एके दिवशी धोंडूआजी हरवली, तेव्हा तेवढाही वेळ मिळाला नाही. ती शंख विकणाऱ्याच्या दुकानात सापडली, तो तामिळ बोलत होता, ही आगरी बोलत होती, आणि दोघांचं उत्तम चाललं होतं.

शेवटच्या संध्याकाळी जोमा एकटाच वाळूत गेला. परत आला तो डोक्यावर मिठाचं अर्धं पोतं भरून वाळू घेऊन. पुजारी म्हणाले, चिमूटभर पुरते. आई म्हणाली, वेडा झालायस का.  ते पोतं त्याने परतीच्या सगळ्या प्रवासात दोन पायांमध्ये धरून ठेवलं. कुणी म्हटलं, त्यावर तरी बस. तर म्हणाला, सांडेल.

ते परतले त्या दिवशी पावसाने उघडीप दिली होती. गावदेवीचं देऊळ खाडीच्या बांधावर, गावापासून जरा बाजूला. रिवाजाप्रमाणे यात्रेकरूंनी तिथे थांबायचं आणि वाजप घेऊन गाव सामोरं येईपर्यंत घरात पाऊल टाकायचं नाही. तोवर त्यांच्या हातून काडीचं काम करून घ्यायचं नाही, पाणीसुद्धा दुसऱ्याने द्यायचं. पाटलांनी वाजंत्री सांगितले होते ते पलीकडच्या काठावरचे, होडीने येणारे. सगळा बंदोबस्त चोख होता, फक्त भरतीची वेळ कुणी विचारात घेतली नव्हती. खाडीकाठी जन्म गेलेल्या माणसांनी ही चूक करावी याचं मला आजही हसू येतं. सकाळी ओहोटी लागली, होडी पलीकडे चिखलात रुतली, आणि संध्याकाळी पाणी चढेपर्यंत ती हलणार नव्हती. वाजपाशिवाय यात्रेकरू आणायचे कसे? म्हणून गाव घरी थांबलं आणि यात्रेकरू देवळात.

मी दुपारी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले. मी बाहेरची, मला कोण अडवणार. म्हाताऱ्या देवळात ओळीने गाढ झोपल्या होत्या. देवळामागे बांधावर जोमा आणि चांगुणा होती. पुढे मिठागरं पावसाच्या पाण्याने काठोकाठ भरलेली, चारी बाजूंनी पाणी. मी भिंतीशी थांबले. पुढे जावं की नाही, मला कळेना.

जोमाने पोत्याचं तोंड सोडलं आणि वाळू बांधावर ओतली. मग मिठागराचा तळ तुडवतात तशी ती पायांनी सारखी केली. दोन माणसं बसतील एवढीच झाली. तो म्हणाला, "बस."

चांगुणा उभीच राहिली. तिने नुसतं त्याच्याकडे बघितलं.

त्याने छत्री मिटली. ती कुठे ठेवावी हे त्याला कळेना, शेवटी आडवी टाकली. मग तो बसला. गुडघे मोडताना त्याच्या तोंडून एक हुंकार निघाला, एवढंच. ती त्याच्या शेजारी बसली. दोघांमध्ये हातभर अंतर होतं.  मग चांगुणा हळू आवाजात काहीतरी सांगू लागली. पाण्याकडे बघत ती सांगत होती आणि तो मान खाली घालून ऐकत होता. ती काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही आणि ऐकायचंही नव्हतं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा मी भिंतीच्या आड सरकले. चहा थंड झाला होता. मला रडू येत होतं आणि हातात किटली असल्यामुळे डोळे पुसता येत नव्हते.

पाणी चढलं, होडी आली, आणि अंधार पडायच्या आत गाव वाजतगाजत बांधावर आलं. पुढे पाटील, मागे आरत्या घेतलेल्या बायका. देवळाला वळसा घालून सगळे मागे आले आणि थबकले. ढोलकीवाल्याचा हात वरच राहिला. जोमा मुकादम बसला होता, आणि शेजारी त्याची बायको बसली होती, गावासमोर, उजेडात.

चांगुणा दचकली. पदर सावरून ती उठू लागली.

जोमाने तिचा हात धरला. त्याच्या आवाजात मिठागरावर हाक मारायचा जोर होता, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असा.

"बस जरा," तो म्हणाला. "सगल्यांसमोर बस."

ती बसली. कुणी हसलं नाही.  तेवढ्यात धोंडूआजी डोळे चोळत देवळातून बाहेर आली. तिने सगळ्यांकडे बघितलं, पुढे जाऊन त्या दोघांच्या पायांजवळची चिमूटभर वाळू उचलली आणि कपाळाला लावली. मग बायका एकेक करून वाकू लागल्या. ती दोघं बसून राहिली आणि त्यांच्या भोवतालची वाळू चिमटीचिमटीने कमी होत गेली. मीही थोडी घेतली. मग वाजंत्र्यांसाठी चहा गरम करायला घरी गेले.